कुत्रा का चावला, हे कोर्टात कोण सांगतं?

समजा, सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक पाळीव कुत्रा शाळकरी मुलाला चावला. मुलाचे आईवडील म्हणतात, कुत्रा विनाकारण अंगावर आला. मालक म्हणतात, पोरानंच शेपूट ओढली. (‘आमचा टॉमी असं करणारच नाही’ हे वाक्य ठरलेलंच.) लिफ्टमध्ये तिसरं कुणी नव्हतं आणि कुत्र्याला बोलता येत नाही. अशा वेळी पशुवर्तन तज्ज्ञाची, म्हणजे प्राणी केव्हा, कशामुळे आणि कसा वागतो याचा पद्धतशीर अभ्यास असलेल्या माणसाची, गरज पडते. त्याचं काम कसं चालतं, ते क्रमानं पाहू.

आधी कायदा. साध्या साक्षीदारानं पाहिलं-ऐकलं तेवढंच सांगायचं, स्वतःचं मत द्यायचं नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. तज्ज्ञाला यातून सूट मिळते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ मध्ये ही तरतूद आहे. १८७२ च्या जुन्या कायद्यात ती कलम ४५ मध्ये होती. त्या विषयात विशेष कौशल्य असणं ही अट आहे. अमुकच पदवी हवी, असं कलम म्हणत नाही.

पहिली चूक इथेच होते. पशुवैद्यांची नोंदणी १९८४ च्या कायद्यानुसार होते, पण स्वतःला ‘बिहेविअरिस्ट’ म्हणवून घ्यायला तशी कोणतीही नोंदणी लागत नाही. कुत्र्याला ‘बस’, ‘थांब’ शिकवणारा प्रशिक्षक उत्तम असेल, तरी चावण्यामागची कारणं उलगडणं हे वेगळं काम आहे. तज्ज्ञ ठरवण्यापूर्वी आपण त्याचं शिक्षण, चावण्याच्या किती प्रकरणांचा त्याला अनुभव आहे आणि पूर्वी कोर्टात साक्ष दिली आहे का, हे विचारून घ्यावं. समोरचा वकील हे विचारणारच आहे.

पुढची पायरी म्हणजे तज्ज्ञाला नेमका प्रश्न देणं. प्राण्याबाबतच्या हलगर्जीपणासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात माणसाच्या जिवाला असलेला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी काळजी घेतली होती का, हे पाहिलं जातं. म्हणून ‘कुत्रा वाईट आहे का?’ या प्रश्नाला कोर्टात काही अर्थ नाही. ‘हा धोका आधी कळण्यासारखा होता का?’ हा प्रश्न तज्ज्ञाला विचारता येतो.

आता पुराव्याकडे वळू, कारण बहुतेक प्रकरणं इथेच फसतात. चावल्यावर आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचं. पुराव्यापायी यात एक मिनिटही दवडू नये. मात्र पट्टी बांधण्यापूर्वी जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायला सांगावं. जखमेला स्पर्श न करता आकार समजायला तेवढं पुरतं.

या फोटोंवरून तज्ज्ञाला बरंच कळतं. इयन डनबर या पशुवैद्यानं चाव्यांच्या सहा पातळ्या मांडल्या आहेत. पहिलीत दात लागतच नाहीत, दुसरीत लागतात पण कातडी भेदली जात नाही. तिसरीत एकाच चाव्यात एक ते चार छिद्रं पडतात, पण ती सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा खोल नसतात. चौथीत एखादं तरी छिद्र त्याहून खोल असतं. पाचवीत असे खोल चावे एकाहून अधिक, आणि सहावीत मृत्यू. दुसऱ्या पातळीच्या कुत्र्यानं दात आवरते घेतलेले असतात, चौथीच्या कुत्र्यानं नाही. ‘भयंकर हल्ला’ या शब्दांपेक्षा असं मोजमाप कोर्टाला जास्त उपयोगी पडतं.

फाटलेले कपडे धुवू नयेत. सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि लाळेतला डीएनए खराब होतो. नेमका कोणता कुत्रा चावला यावरच वाद असेल, तेव्हा ही पिशवी मोलाची ठरते.

लिफ्टमध्ये कॅमेरा असेल, तर ते चित्रण तज्ज्ञासाठी सर्वांत महत्त्वाचं. तो चावण्याचा क्षण नंतर बघतो, त्याआधीचे काही सेकंद पुन्हापुन्हा बघतो. अंग ताठ झालं का? कुत्र्यानं ओठ चाटले, जांभई दिली, तोंड वळवलं का? डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो का? भेदरलेला कुत्रा बहुधा अशा खुणांनी ‘दूर हो’ सांगत असतो आणि शेवटी गुरगुरतो. शेपूट हलणं म्हणजे खूश असणं, हा आपला समज तर तज्ज्ञ पहिल्यांदा बाजूला ठेवतो. ताठ, उंच शेपूट वेगानं हलत असेल तर तो तणावही असू शकतो. गुरगुरल्याबद्दल सतत मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडून देऊन थेट चावू शकतो. ‘विनाकारण चावला’ या तक्रारीमागे कधीकधी मालकाची ही शिकवण असते.

चित्रण बहुधा काही दिवसांतच आपोआप पुसलं जातं. म्हणून सोसायटीच्या समितीकडे लगेच लेखी मागणी करावी. ते पेन ड्राइव्हवर घेऊन भागत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

मग प्रत्यक्ष कुत्र्याची तपासणी. रेबीजच्या शंकेसाठी दहा दिवसांचं निरीक्षण झालेलं असावं. त्यानंतर पशुवैद्य दुखणं शोधतो, कारण कान ठणकत असलेला किंवा सांधे धरलेला कुत्रा नुसत्या स्पर्शानंही चावू शकतो. तज्ज्ञ शेवटी बघतो, तेही कुत्र्याला मुसकं बांधून आणि अंतर राखून. प्रसंग तसाच पुन्हा घडवून पाहण्याचा आग्रह कुणी धरला तर आपण साफ नकार द्यावा. कुत्र्याला निवारा केंद्रात ठेवलं असेल, तर तिथल्या पिंजऱ्यात घाबरलेला कुत्रा घरी कसा वागतो, हे तिथल्या चाचणीतून कळेलच असंही नाही.

अहवालात निष्कर्षासोबत कारणं हवीत. कारणांशिवायचं मत उलटतपासणीत, म्हणजे विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांपुढे, टिकत नाही. ‘शेपूट ओढली होती’ असं छातीठोक सांगणाऱ्या तज्ज्ञापेक्षा ‘अचानक मागून झालेल्या स्पर्शाशी हे वर्तन सुसंगत आहे’ म्हणणारा मला जास्त भरवशाचा वाटतो. कारण तज्ज्ञानं तो प्रसंग पाहिलेलाच नसतो.

मत चांगलं असलं तरी ते कोर्टावर बंधनकारक नसतं. याचं उदाहरण म्हणून बैलगाडा शर्यतींचा वाद आपल्या ओळखीचा आहे. ७ मे २०१४ च्या नागराज निकालात सर्वोच्च न्यायालयानं बैलाची शरीररचना, भीतीपोटी पळण्याची त्याची प्रवृत्ती आणि प्राणी कल्याण मंडळाच्या निरीक्षकांचे अहवाल विचारात घेऊन शर्यतींवर बंदी आणली. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायदा दुरुस्त केला. बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर एका समितीकडून अहवालही करवून घेतला. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं महाराष्ट्र, तामिळनाडू आणि कर्नाटकच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. बैल तोच होता. शास्त्रीय मताबरोबर बदललेला कायदा आणि परंपरेचा दावाही तराजूत पडला.

नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा लावणार असाल, तर आणखी एक सोय आहे. दोन्ही बाजूंनी आपापले तज्ज्ञ उभे करण्याऐवजी शास्त्रीय तपासासाठी कोर्टानंच आयुक्त नेमावा, असा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम १०-अ खाली करता येतो. वकिलाला पहिल्याच भेटीत याबद्दल विचारा.