मेणाची रेघ

जावा बेटावरील बाटिक या कलेत कापडाचा जो भाग रंगापासून वाचवायचा असतो त्यावर वितळलेले मेण चांटिंगने, म्हणजे बारीक तोटी आणि छोटी तांब्याची वाटी असलेल्या लेखणीने, लावले जाते. मेण पाण्याला दूर सारते आणि त्यामुळे पाण्यात विरघळलेला रंग तेथील धाग्यांपर्यंत पोहोचत नाही.

नवशिक्याची खरी परीक्षा रंगापेक्षा मेणाच्या तापमानात होते. मेण कोमट असेल तर ते धाग्यांत न मुरता पृष्ठभागावर पांढरट थराच्या रूपात थिजते आणि त्याखालून रंग शिरतो; फार तापले तर पातळ होऊन केशाकर्षणाने, म्हणजे धाग्यांमधील सूक्ष्म पोकळ्यांच्या ओढीने, रेघेबाहेर पसरते. योग्य तापमानाला मेण लावलेला भाग जवळजवळ पारदर्शक होतो व मागील बाजूनेही दिसतो. मधमाशीचे मेण लवचीक, तर पॅराफिन ठिसूळ असल्याने दोहोंचे मिश्रण वापरतात. पॅराफिन वाढले की भेगा पडतात व त्यांतून रंगाचे जाळे उमटते, ज्याला हौशी लोक बाटिकची ओळख समजतात, जावातील निष्णात कारागीर मात्र दोष मानत आले आहेत.

गरम रंगात मेण वितळते, म्हणून नीळ किंवा थंड पाण्यात चढणारे रंगच चालतात. शेवटी कापड उकळत्या पाण्यात घातल्यावर मेण सुटून वर तरंगते.