पडलेल्या चेहऱ्याचा विनोदवीर

रिकी फुल्टनचा चेहरा विनोदी नटाचा नव्हताच. लांबोडका, पडलेला, घरात काहीतरी विपरीत घडलंय पण सांगायचं कोणाला, अशा विवंचनेतला. पण स्कॉटलंडनं वर्षानुवर्षं ३१ डिसेंबरची रात्र या चेहऱ्याच्या संगतीत हसत घालवली.

जन्म ग्लासगोतला, १९२४चा. युद्धात नौदलात असताना १९४२ साली 'आयबिस' ही त्याची युद्धनौका भूमध्य समुद्रात बुडाली आणि अठरा वर्षांचा रिकी काही तास पाण्यात तगून राहिला. पुढे नाटक, रेडिओ, लंडनमधली उमेदवारी. पण त्याचं खरं बस्तान बसलं ते गावी परतल्यावर. सहकलाकार जॅक मिलरॉय झाला फ्रान्सी आणि रिकी झाला जोसी, ग्लासगोचे दोन झकपक टेडी बॉय. रंगभूमीवरची ही जोडगोळी १९६२ पासून स्कॉटिश टेलिव्हिजनवर घरोघरी पोहोचली. एवढ्यावर थांबला असता तरी ग्लासगोकरांनी त्याला विसरलं नसतं.

१९७८ साली बीबीसी स्कॉटलंडवर 'स्कॉच अँड राय' हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. त्यातला मोटारी अडवणारा गॉगलवाला पोलीस धमाल होता, पण माझ्या मते अस्सल रत्न म्हणजे रेव्हरंड आय. एम. जॉली. नाव आनंदी, तोंडावर सुतक. टीव्हीवर रात्री उशिरा लागणाऱ्या धार्मिक चिंतनाची ही नक्कल. पाद्रीबुवा खुर्चीत बसणार, उसासा सोडणार आणि वर्ष कसं गेलं ते रडक्या सुरात सांगणार. विनोद शब्दांत जेवढा, त्याहून जास्त त्यांच्यामधल्या थांबण्यात. एवढं थांबायला छातीच लागते!

हा कार्यक्रम ३१ डिसेंबरच्या रात्री, म्हणजे हॉग्मनेलाच, चालावा याला इतिहास आहे. प्रेस्बिटेरियन चर्चनं नाताळ इतका दडपला की स्कॉटलंडमध्ये त्याची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली मिळाली. सणाची सगळी हौस वर्षअखेरीला फिटायची. ज्या चर्चनं नाताळ हिरावला त्याच्याच पाद्र्याला लोक त्या रात्री हसत होते.  फुल्टनच्या विनोदात टोचणी होती, विखार नव्हता.

१९८३च्या 'गॉर्की पार्क' चित्रपटात तो केजीबीचा अधिकारी झाला. चेहरा तोच, पण इथे हसू येत नाही, धडकी भरते. असं काम त्याला आणखी मिळायला हवं होतं. २००४ साली तो गेला. अखेरची वर्षं अल्झायमरनं खाल्ली.