गार्ड, वॉर्डन, लॉर्ड: एकाच घरातली माणसं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरला राहणाऱ्या माणसाला इंग्रजी येवो न येवो, चार शब्द त्याला चुकत नाहीत: नगरपरिषदेचा वॉर्ड, जंगलातला फॉरेस्ट गार्ड, वसतिगृहाचा वॉर्डन आणि शाळेच्या फॉर्मवरची गार्डियनची सही. कामं चार, माणसं वेगवेगळी. शब्द मात्र एकाच मुळातून फुटलेले आहेत!

मूळ अर्थ राखणीचा. जुन्या इंग्रजीत ‘वेअर्ड’ म्हणजे राखणदार. गावाचा जेवढा भाग एका पहाऱ्याखाली येई, तो वॉर्ड. हेच जर्मानिक मूळ फ्रान्समध्येही पोचलं होतं. तिथे गंमत झाली. उत्तरेकडच्या नॉर्मंडीत सुरुवातीचा ‘व’ टिकला, पॅरिसकडे त्याचा ‘ग’ झाला. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं तेव्हा त्यांच्याबरोबर ‘व’वाले शब्द आले, पुढे पॅरिसचं वजन वाढलं तसे ‘ग’वालेही आले. इंग्रजीने दोन्ही ठेवून घेतले. म्हणून वॉर्डन आणि गार्डियन, वॉरंटी आणि गॅरंटी अशा जोड्या. मिक्सर विकताना दुकानदार वॉरंटी वेगळी, गॅरंटी वेगळी असं बजावतो, पण जन्माने ते सख्खे भाऊ.

राखणारा गार्डियन, तर ज्याची राखण करायची ते मूलही वॉर्डच. भारतात आजही लागू असलेल्या एका कायद्याचं नाव आहे ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट, 1890’. एकाच मुळाचे दोन शब्द एकाच नावात समोरासमोर उभे आहेत! आपल्या पालकमंत्र्यांना इंग्रजी वर्तमानपत्रं गार्डियन मिनिस्टर म्हणतात. मग चंद्रपूर जिल्ह्याची सगळी जनता त्यांची वॉर्ड झाली म्हणायची. मला या घरातला सर्वांत आवडतो तो लॉर्ड. जुन्या इंग्रजीत तो ‘ह्लाफ-वेअर्ड’ होता, म्हणजे भाकरी राखणारा. लेडी म्हणजे पीठ मळणारी. एवढा रुबाबदार शब्द, आणि त्याच्या पोटात चूल! घर सांभाळणारा तो स्टुअर्ड. जंगल किंवा पाणी आपल्या मालकीचं नाही, पुढच्यांसाठी सांभाळायचं आहे, असं म्हणायचं असेल तर इंग्रजीत स्टुअर्डशिप हा शब्द नेमका बसतो.

रोल हा शब्द या घरातला नाही, पण त्याची गोष्टही अशीच. फ्रेंचमध्ये नटाच्या वाट्याचे संवाद ज्या कागदाच्या गुंडाळीवर लिहिलेले असत, ती गुंडाळी म्हणजे रोल. वडशाच्या झाडीपट्टी नाटकात रोल करणारा आणि ‘समाजात स्त्रीचा रोल’ यावर निबंध लिहिणारी मुलगी, दोघांच्या हातात तोच कागद आहे.

आता सर्वांत मोठा शब्द, रिस्पॉन्सिबिलिटी. त्याच्या पोटात लॅटिन ‘रेस्पोन्देरे’ आहे, म्हणजे उत्तर देणं. आपल्या जबाबदारीत अरबी जबाब आहे, म्हणजे उत्तरच. एकीने दुसरीकडून काही न घेता दोन्ही भाषांनी ठरवलं की कर्तव्य म्हणजे विचारल्यावर उत्तर देणं. जबाबाला लागलेलं ‘दार’ फारसी, धरणारा या अर्थाचं. संस्कृत ‘धृ’चं ते चुलत भावंड. गडचांदूरच्या भोवतालचा राजुरा-कोरपना हा सारा भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तहसीलदार, जमादार, हवालदार ही मंडळी इथे घरचीच. त्यामुळे हाउसहोल्डर, शेअरहोल्डर हे शब्द इथल्या माणसाला परके वाटू नयेत. होल्डर म्हणजे आपला ‘दार’च.

यातला स्टेकहोल्डर मात्र जपून वापरावा. पूर्वी दोघांनी पैज लावली की पैसे तिसऱ्या, तटस्थ माणसाकडे ठेवत; तो स्टेकहोल्डर. आता अर्थ नेमका उलटला आहे. आज ज्याचं स्वतःचं काही पणाला लागलंय तो स्टेकहोल्डर. चुनखडीच्या खाणीची जनसुनावणी असेल तर शेजारच्या गावचा शेतकरी हा स्टेकहोल्डर. जो तटस्थ आहे, तो नव्हे.

इथे घरात गोंडी, कोलामी किंवा तेलुगू, शाळेत मराठी आणि मग इंग्रजी, अशा पायऱ्या चढणारी पोरं आहेत. स्पर्धा परीक्षेसाठी पाचशे शब्दांच्या याद्या पाठ करतात. माझं मत विचाराल तर याद्या बाजूला ठेवाव्यात. एक घराणं धरावं, त्यातला कोण कोणाला राखतो ते पाहावं, शब्द आपोआप राहतात. आणि रिस्पॉन्सिबलच्या मागचे दोन छोटे शब्द सोडू नयेत: ‘टू’ आणि ‘फॉर’. उत्तर कोणाला द्यायचं तिथे टू, कशाबद्दल द्यायचं तिथे फॉर. परीक्षेत गुण बहुतेक इथेच जातात.

सरावाला पुस्तक शोधायचीही गरज नाही. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही हा सगळा सिमेंटचा पट्टा. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यालाच सगळे सीएसआर म्हणतात, आणि त्यातला ‘आर’ म्हणजे हीच रिस्पॉन्सिबिलिटी. त्या खर्चाचा वार्षिक अहवाल कंपनीला जाहीर करावा लागतो. आपल्या परिसरातल्या कंपनीचा तो अहवाल संकेतस्थळावरून उतरवून घ्या, आणि प्रत्येक पानावर टू कुठे आहे, फॉर कुठे आहे, ते पेन्सिलीने खुणा करत वाचा.