गोड्या समुद्रावरील आगबोटी

उत्तर अमेरिकेत, कॅनडा आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्या सरहद्दीलगत सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी व ऑन्टॅरिओ अशी पाच विशाल सरोवरे आहेत. त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ उत्तर प्रदेश राज्याएवढे भरते. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवाशांनी ह्यूरन सरोवराला ‘गोडा समुद्र’ असे नाव दिले होते. या जलाशयांवर जहाजांची एक निराळीच जात उदयास आली.

पाण्याचा जिना

ही सरोवरे एका पातळीवर नाहीत. सुपीरियरचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे १८३ मीटर उंचीवर, तर ऑन्टॅरिओचे अवघ्या ७५ मीटरांवर आहे. ईरी व ऑन्टॅरिओ यांच्यामध्ये तर नायगाराचा धबधबाच आडवा येतो. ही अडचण जलपाशांनी दूर केली. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली पाण्याची कोठी. जहाज आत घेऊन दरवाजे बंद करावयाचे व पाणी सोडून किंवा भरून त्याला खालच्या अथवा वरच्या पातळीवर न्यावयाचे. असे जलपाश असलेला वेलंड कालवा १८२९ मध्ये नायगाराला वळसा घालून गेला, आणि १८५५ मध्ये सू येथील जलपाशांनी सुपीरियरचे दार उघडले.

उतारूंच्या आगबोटी

१८१७ मध्ये ऑन्टॅरिओ सरोवरावर ‘फ्रंटेनॅक’ आणि १८१८ मध्ये ईरीवर ‘वॉक-इन-द-वॉटर’ ही आगबोट धावू लागली. दोहोंच्या कुशीस वाफेने फिरणारी चाके होती. १८२५ साली हडसन नदी व बफेलो यांना जोडणारा ईरी कालवा खुला झाला आणि युरोपातून आलेली कुटुंबे बफेलोहून आगबोटीने पश्चिमेकडे जाऊ लागली. पुढे चाकांची जागा पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याने घेतली.

खनिजवाहू जहाजे

१८४४ मध्ये सुपीरियरच्या दक्षिण किनाऱ्याजवळ लोहखनिज सापडले. पोलादाचे कारखाने मात्र दक्षिणेस, कोळशाच्या प्रदेशाजवळ होते. म्हणून खनिज जहाजाने नेणे क्रमप्राप्त ठरले. १८६९ मध्ये क्लीव्हलंड येथे बांधलेल्या ‘आर. जे. हॅकेट’ने या जहाजांचा नमुना ठरवून दिला. सुकाणूघर पुढच्या टोकाला, यंत्रे मागच्या टोकाला आणि मधला सारा भाग मालासाठी मोकळा. वरची तोंडे समान अंतरावर असल्याने धक्क्यावरील घसरणींतून खनिज थेट कोठारात पडे. जलपाशांची रुंदी ठरलेली असल्याने ही जहाजे लांबट व अरुंद बांधली जात.

गोड्या पाण्याची घनता खाऱ्या पाण्याहून सुमारे अडीच टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे तेवढ्याच भाराने जहाज येथे किंचित अधिक बुडते. उलट मीठ नसल्यामुळे लोखंड सावकाश गंजते आणि जहाजे दीर्घायुषी होतात. १९०६ साली बांधलेले एक मालवाहू जहाज २०१३ पर्यंत स्वतःच्या यंत्रबळावर चालत होते.

एक कटू धडा

१९१२ मधील ‘टायटॅनिक’च्या दुर्घटनेनंतर सर्वत्र अधिक जीवरक्षक नौकांची मागणी झाली. शिकागोच्या ‘ईस्टलंड’ या सहलीच्या आगबोटीवरही त्या वाढविण्यात आल्या. ही आगबोट आधीच डळमळीत म्हणून ठाऊक होती. जहाज तोलून राहण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य पुरेसा खाली असावा लागतो. मग ते कलताच पाण्याचा दाब त्याला पुन्हा सरळ करतो. माथ्यावरील वजन वाढले की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ही शक्ती क्षीण होते. २४ जुलै १९१५ रोजी सुमारे अडीच हजार माणसे घेऊन धक्क्याशी बांधलेली ‘ईस्टलंड’ नदीतच आडवी झाली. किनारा हाताच्या अंतरावर असताना ८४४ जीव गेले. सुरक्षिततेचे साधनही एकंदर तोल न पाहता बसविले तर घातक ठरते, हे त्या दिवशी दिसून आले.

ऱ्हास आणि सातत्य

रेल्वे, मोटाररस्ते व विमाने यांनी उतारू ओढून नेले. १९४९ मध्ये टोरांटोच्या बंदरात ‘नोरोनिक’ला लागलेल्या आगीत शंभराहून अधिक प्रवासी दगावले. त्यानंतरचे कडक अग्निनियम जुन्या, लाकडी सजावटीच्या बोटींना परवडणारे नव्हते. १९६७ पर्यंत रात्रीच्या मुक्कामाच्या जुन्या आगबोटी जवळजवळ नाहीशा झाल्या.

मालवाहतूक मात्र वाढत गेली. १९०८ पासून सरकत्या पट्ट्यांनी स्वतःच माल उतरविणारी जहाजे आली, आणि १९७२ मध्ये ३०५ मीटर लांबीचे पहिले जहाज सू येथील नव्या, मोठ्या जलपाशातून गेले. तरीही सरोवरांचा कोप संपला नाही. १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झजेरल्ड’ हे २२२ मीटर लांबीचे जहाज सुपीरियरच्या वादळात २९ खलाशांसह बुडाले. गोडे असले तरी ते समुद्रच आहेत, आणि तेथील नाविकांना या गोष्टीचा विसर पडून चालत नाही.