ॲम्बेसेडरचे मागचे बुश बदलताना

हिंदुस्थान ॲम्बेसेडरचा मागचा ॲक्सल दोन लीफ स्प्रिंगांवर, म्हणजे पाट्यांवर, बसवलेला असतो. पाट्याच्या पुढच्या डोळ्यात आणि मागच्या शॅकलमध्ये रबरी बुश असतात. रबर झिजले की पाटा बोल्टभोवती हलतो. मग खड्ड्यात खडखडाट होतो, ॲक्सल किंचित तिरपा होतो आणि गाडी सरळ रेषेत राहत नाही.

बुश बदलताना बॉडी भक्कम स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. ॲक्सलला वेगळा आधार द्या, मगच बोल्ट काढा. नवा बुश बसवताना साबणाचे पाणी वापरा, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते.

आता मुख्य मुद्दा. आतून धातूची नळी असलेल्या बुशमध्ये बोल्ट आवळल्यावर ती नळी जागीच पकडली जाते. पाटा हलतो तेव्हा रबर घसरत नाही, पिळले जाते. ॲक्सल लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर चाके जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. म्हणून बोल्ट आधी सैल लावा, गाडी चाकांवर उतरवा, मग पूर्ण आवळा. हा क्रम चुकला, तर नवा बुशही लवकरच जुन्यासारखा वाजू लागेल.