ओल्या डेकवरचे दिवे

आपट्यात पाताळगंगेकाठच्या फार्महाउसमधल्या लाकडी डेकची आणि त्यातल्या दिव्यांची परीक्षा पावसाळ्यात होते.

घरातली वीज २३० व्होल्टची. ती थेट डेकखाली न्यायची नाही. आयसोलेटेड ट्रान्सफॉर्मर घरात, कोरड्या जागी. बाहेर फक्त १२ किंवा २४ व्होल्ट. त्यातही २४ बरे. ३ वॉटचे २० दिवे १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतात आणि दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून २० मीटर दूर पोचेपर्यंत सुमारे अडीच व्होल्ट वाटेतच संपतात. दिवे मिणमिणतात, आणि दोष उगाच दुकानदाराला! २४ व्होल्टवर प्रवाह निम्मा, घटही निम्मी.

फळीत बसवायचा दिवा आयपी ६७ दर्जाचा घ्यावा, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. आयपी ६५ पाण्याचा फवारा सोसतो, डबकं नाही.

घरच्या बोर्डात विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. तिचं ‘टेस्ट’ बटण पावसाआधी दाबून पाहावं. ट्रान्सफॉर्मरपलीकडची गळती तिला कळत नाही. त्या बाजूला फ्यूज वेगळा लावावा लागतो.