६० लाखांचा फ्लॅट, २ टक्क्यांचं भाडं : पहिला सौदा करताना

पुण्यात ६० लाखांचा जुना टू-बीएचके, भाडं महिना १८ हजार. एजंटच्या हिशेबानं वर्षाला २ लाख १६ हजार, म्हणजे ३.६ टक्के. गुंतवणूक म्हणून पहिलाच फ्लॅट घेणाऱ्यानं हा हिशेब स्वतः पुन्हा मांडावा. पुढचं उदाहरण कल्पित आहे, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि आयकराचे नियम मात्र खरे.

आधी खर्च. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार, दलाली ६० हजार, रंग-प्लंबिंग ९० हजार. एकूण ६६ लाख.

आता उत्पन्न. वर्षातला एक महिना फ्लॅट रिकामा धरला, तर भाडं १ लाख ९८ हजार. त्यातून मेंटेनन्स ३६ हजार, मालमत्ता कर १२ हजार आणि दुरुस्ती १० हजार वजा जाता उरतात १ लाख ४० हजार. ६६ लाखांवर हे जेमतेम २.१ टक्के. ४८ लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे ४१ हजार ६५०. म्हणजे दरमहा ३० हजार खिशातून.

भाडं वाढवणं आपल्या हातात फारसं नसतं, खरेदीची किंमत मात्र असते. हाच फ्लॅट ५४ लाखांना मिळाला, तर शुल्क आणि दलालीसह ६ लाख ४८ हजार वाचतात. ही साडेचार वर्षांहून अधिक काळाची निव्वळ भाडेकमाई आहे.

घासाघीस करायला पुरावा लागतो, आणि तो नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आहे. त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे ‘इंडेक्स टू’, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचे सारांश, काढा. ‘मोबदला’ या रकान्यात दस्तात नोंदवलेली किंमत असते. तिला क्षेत्रफळानं भागा आणि आलेला दर मालकापुढे ठेवा.

शेजारचा ‘बाजारभाव’ हा रकानाही वाचा. तो रेडी रेकनरनुसार, म्हणजे सरकारी दरपत्रकानुसार, काढलेला असतो. आपल्या फ्लॅटचा बाजारभाव ६० लाख निघाला, तर ५४ लाखांत घेऊनही मुद्रांक शुल्क ६० लाखांवरच लागेल. शिवाय ५४ लाखांचे ११० टक्के होतात ५९ लाख ४० हजार. बाजारभाव त्याच्या वर गेल्यामुळे फरकाचे ६ लाख तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागेल. तेव्हा रेकनरपेक्षा फार खाली गेलेली किंमत दिसते तेवढी स्वस्त पडत नाही.

बँकेच्या लिलावातही कमी किमतीत फ्लॅट मिळतो. तिथे २५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली साधारण १५ दिवसांत भरावी लागते. मालमत्ता ‘जशी आहे तशी’ मिळते, त्यामुळे सोसायटीची थकबाकी आधीच विचारून घ्या.

इंडेक्स टू, रेकनरचं मूल्यांकन आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला हे तिन्ही कागद हातात येईपर्यंत टोकनचा एक रुपयाही देऊ नका.